रात्री आठची हाक

रात्रीचे आठ वाजत आलेत. कुणाची भाकरी तव्यावर असेल, कुणी नुकतीच धार काढून गोठ्यातून आत आली असेल. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही तुम्हाला लांबच्या एका डोंगराची आणि त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या शेतकरी माणसांची हकिगत सांगणार आहोत. त्या हकिगतीतही रात्रीच्या आठ वाजण्याला मोठा अर्थ आहे. तो ओघात येईलच.

देशाचं नाव इक्वेडोर. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम काठावरचा छोटासा देश. पृथ्वीच्या मधोमध जी विषुववृत्ताची रेघ आपण शाळेत पाहिली, ती या देशातून जाते आणि देशाचं नावही तिच्यावरूनच पडलं आहे. या देशाच्या मधून अँडीज पर्वताची रांग उत्तर-दक्षिण धावते. त्या रांगेत तुंगुराहुआ नावाचा डोंगर आहे. उंची ५,०२३ मीटर. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी तुंगुराहुआ थोडा वर उरेलच.

हा डोंगर ज्वालामुखी आहे, तोही जिवंत. तिथल्या किचवा भाषेत तुंगुराहुआ म्हणजे आगीचा घसा. पण लोक नुसतं नाव घेत नाहीत, ‘मामा तुंगुराहुआ’ म्हणतात. आपल्याला वाटेल, हा कुणाचा मामा? तर किचवा भाषेत ‘मामा’ म्हणजे आई. जवळच चिंबोराझो नावाचा याहून उंच डोंगर आहे, त्याला ते बाप मानतात. जुन्या गोष्टींत हे दोघं नवराबायको. आई कधी शांत असते, कधी तिचा संताप होतो, असं तिथली माणसं बोलतात.

संताप कशामुळे होतो, ते शास्त्र काय सांगतं बघा. आपण ज्या जमिनीवर उभ्या आहोत, ती मोठाल्या तुकड्यांची बनलेली आहे. पॅसिफिक महासागराच्या तळाचा एक तुकडा दक्षिण अमेरिकेच्या खाली हळूहळू सरकतो आहे. तो खोल गेला की त्यातलं पाणी वरच्या तापलेल्या खडकात शिरतं, त्यामुळे खडक वितळतो आणि तो रस वर यायला बघतो. तो जिथून बाहेर पडतो तिथं ज्वालामुखी तयार होतो. एका खेपेला लाव्हा वाहतो, दुसऱ्या खेपेला राख आणि दगड पडतात, पुन्हा लाव्हा. असे थरावर थर बसून उंच, निमुळता डोंगर उभा राहतो. तुंगुराहुआ असाच थराथरांचा ज्वालामुखी आहे. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी या डोंगराचा मोठा भाग ढासळला होता. आज दिसतो तो सुळका त्यानंतर पुन्हा भरून आलेला आहे.

मग अशा डोंगराखाली माणसं राहतात तरी कशाला, असं आपल्या मनात येतंच. पण ज्या राखेनं घर जातं, तीच राख जुनी झाली की जमीन कसदार होते. तुंगुराहुआच्या उतारावर बटाटा, मका, घेवडा, कांदा पिकतो, फळबागा होतात. वरच्या कुरणांवर दुभत्या गायी चरतात. घरोघरी कोंबड्या असतात, आणि आपल्याकडे शेळ्या पाळतात तसे तिकडे गिनीपिग पाळतात, खाण्यासाठी आणि विकण्यासाठी. त्यांच्या चाऱ्याचं काम बहुतेक बायकांकडे असतं. डोंगराच्या उत्तर पायथ्याला बान्योस नावाचं गाव आहे. तिथं गरम पाण्याची कुंडं आहेत, आणि पवित्र जलाच्या माउलीचं मोठं चर्च आहे. त्यामुळे यात्रेकरू आणि पर्यटक येतात, त्यांच्यावर गावाचं पोट चालतं. हे गाव डोंगराच्या मुखापासून अवघ्या आठ-नऊ किलोमीटरवर आहे, आणि डोंगराचं तोंड गावाच्या वर तीन किलोमीटर उंचीवर.

इतिहासात या डोंगराचे मोठे उद्रेक नोंदलेले आहेत. १७७३ साली झाला, १८८६ साली झाला, १९१६ ते १९१८ या काळात झाला. त्यानंतर जवळपास ऐंशी वर्षं डोंगर गप्प होता. ऐंशी वर्षं म्हणजे तीन पिढ्या. आजीनं सांगितलेलं नातीला आठवतं, पण पणतीला ती नुसती गोष्ट वाटते. बान्योसचंही तसंच झालं. गाव वाढलं, हॉटेलं आली, ओहोळांच्या कडेनं घरं उठली.

१९९८ पासून डोंगराच्या पोटात हालचाल वाढू लागली. राजधानी क्विटोच्या तांत्रिक विद्यापीठात भूभौतिक संस्था आहे, ज्वालामुखी आणि भूकंप यांच्यावर नजर ठेवणारी. त्यांच्या यंत्रांवर धक्के दिसू लागले. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये डोंगरातून राख आणि वाफ जोरात यायला लागली. आणि मग सरकारनं हुकूम काढला की बान्योस आणि आसपासची गावं रिकामी करा. सुमारे पंचवीस हजार माणसांना घर सोडावं लागलं. मागे राहिलेल्या गावाभोवती लष्कराचा पहारा बसला.

सरकार इतकं घाबरलं का होतं, हे समजून घ्यायला आपल्याला शेजारच्या कोलंबिया देशात चौदा वर्षं मागे जावं लागेल. तिथं नेवादो देल रुइझ नावाचा बर्फाच्छादित ज्वालामुखी आहे. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री त्याचा उद्रेक झाला. उद्रेक तसा लहानच होता, पण त्यानं माथ्यावरचा बर्फ वितळला, आणि चिखलाचा लोंढा नदीच्या खोऱ्यातून खाली सुटला. अडीच तासांनी तो आर्मेरो या गावावर आला. त्या एका रात्रीत आर्मेरो आणि आसपासची मिळून सुमारे तेवीस हजार माणसं गेली. मनाला लागतं ते हे, की धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार होता आणि आर्मेरो त्यात धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेलं होतं. संध्याकाळी गावात राखही पडली होती. पण रेडिओवरून आणि चर्चच्या भोंग्यावरून लोकांना सांगितलं गेलं की घाबरू नका, घरातच थांबा. अडीच तास हातात होते, आणि उंचवट्यावर जायला तेवढे पुरले असते.

आम्ही रेडिओवर बोलणाऱ्या बाया आहोत, म्हणून आर्मेरोची गोष्ट आम्हाला जास्त टोचते. आवाज घरोघरी पोचत होता, पण त्या आवाजाकडे खरी माहितीच नव्हती.

तर १९९९ मध्ये इक्वेडोरच्या अधिकाऱ्यांपुढे आर्मेरो होतं. त्यांनी माणसं हलवली, आणि त्यांचा हेतू चांगला होता. पण ते झालं कसं, ते बघा. हुकूम वरून आला. शेतकऱ्यांना ना विचारलं, ना नीट समजावलं. परत कधी यायचं, हे कुणालाच सांगता येईना. काहींना शाळांमध्ये आणि छावण्यांमध्ये ठेवलं, काही नातेवाइकांकडे गेले, काही भाड्याच्या खोल्यांत. गायी मिळेल त्या भावाला विकल्या. पिकं शेतात राहिली. त्याच वर्षी देशातल्या बँका बुडाल्या होत्या आणि लोकांची खाती गोठवली गेली होती, म्हणजे गाठीला पैसा असूनही हातात येत नव्हता. इकडे डोंगर राख टाकत होता, गडगडत होता, पण गाव गाडून टाकील असा मोठा उद्रेक काही येईना. एक महिना गेला, दोन गेले.

मैत्रिणींनो, विचार करा. घर तिथं समोर दिसतंय, कोंबड्या आहेत की मेल्या ठाऊक नाही, पोरांची शाळा सुटलीय, आणि दारात बंदूकवाला उभा. जानेवारी २००० च्या सुरुवातीला लोकांचा धीर सुटला. बान्योसकर जमले, सैनिकांशी झटापट झाली, पहारा मोडून लोक आपापल्या घरी परतले.

आता दोन्ही बाजूंनी पेच झाला. शास्त्रज्ञ म्हणत होते की डोंगर थांबलेला नाही, धोका खरा आहे. लोक म्हणत होते की आम्हाला पुन्हा हाकलाल तर उपाशी मरू, आणि तुमच्यावर आमचा विश्वास नाही. खरं सांगायचं तर दोघांचंही खरं होतं. डोंगरानं माणूस मरतो, तसा बिनकामाचा परगावी बसूनही खचतो.

या पेचातून जो मार्ग निघाला, तो सांगण्यासाठीच आम्ही आज ही हकिगत काढली. इक्वेडोरची नागरी संरक्षण यंत्रणा आणि ती भूभौतिक संस्था यांनी गावकऱ्यांबरोबर बसून ठरवलं की डोंगरावर नजर ठेवायची ती गावातल्याच माणसांनी. उतारावरच्या वाड्यावस्त्यांमधून स्वयंसेवक घेतले. कुणी शेतकरी, कुणी गुरं राखणारा, कुणी मास्तर, कुणी दुकानदार. त्यात बायकाही होत्या. पगार नाही. त्यांच्या हातात बिनतारी संदेशाचे संच दिले, पोलिसांकडे असतात तसले. स्पॅनिश भाषेत त्यांना ‘विहीया’ म्हणतात, म्हणजे पहारा देणारा. आपल्याकडे गावोगाव जागल्या असे, तसंच हे. फरक एवढाच, की आपल्याकडे जागल्याचं काम जातीवरून लादलेलं होतं. तिथं ते लोकांनी स्वखुशीनं घेतलं.

हळूहळू असे पंचवीस-तीस जागले डोंगराच्या चहूबाजूंनी झाले. त्यांचं काम काय? डोंगराकडे रोज बघायचं. आज धूर पांढरा की काळा? राख बारीक पडतेय की वाळूसारखी? आवाज तोफेसारखा की वाहत्या पाण्यासारखा? खिडक्या थरथरल्या का? पाऊस पडला की ओहोळांकडे लक्ष ठेवायचं, कारण उतारावरची राख पावसात मिसळली की तिचा चिखल होतो आणि दगडधोंड्यांसकट खाली धावतो. तो रस्त्यावर येणार असं दिसलं की कळवायचं, म्हणजे रस्ता वेळेवर बंद करता येतो. शास्त्रज्ञांची यंत्रं जिथं बसवली होती, तिथलं गवत कापायचं, सौर पाट्या पुसायच्या. आणि वेळ आली की भोंगा वाजवायचा, घरोघर सांगायचं.

आणि रोज रात्री आठ वाजता सगळ्यांनी संच चालू करायचा. डोंगराच्या उत्तरेला काही अंतरावर, सुरक्षित जागी शास्त्रज्ञांची वेधशाळा आहे. तिथून एकेकाला हाक जायची आणि एकेक जण सांगायचा, आमच्याकडे आज असं असं दिसलं. काही घडलं नसेल तर ‘आज शांत आहे’ एवढंच. पण हाकेला ओ द्यायचीच. सगळे एकाच लहरीवर असल्यामुळे प्रत्येकाचं बोलणं बाकीच्यांनाही ऐकू यायचं. उत्तरेच्या माणसाला कळायचं की दक्षिणेकडे राख पडतेय.

आम्हाला यातली खुबी वाटते ती ही, की ही हाक शांत दिवसांतही चुकली नाही. सगळं ठीक असताना रोज बोलणं होत राहिलं, म्हणून वाईट रात्री ‘निघा’ असा निरोप आला तेव्हा तो परक्या साहेबाचा हुकूम वाटला नाही. रोज जिच्याशी बोलतो तिनं सांगितलंय, असं वाटलं. शास्त्रज्ञांनाही फायदा झाला. ढगांनी डोंगर झाकला की कॅमेऱ्याला काही दिसत नाही, पण उतारावरच्या माणसाला आवाज ऐकू येतो, वास येतो. त्या संस्थेतल्या ज्वालामुखीतज्ज्ञ पॅट्रिशिया मॉथ्स यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं या जागल्यांबरोबर काम केलं. यंत्र जमिनीखालचं सांगतं, माणूस जमिनीवरचं सांगतो. दोन्ही जोडलं की चित्र पुरं होतं.

परीक्षा आली २००६ साली. १४ जुलैला डोंगरानं पहिल्यांदाच त्या पर्वातला सर्वांत भयंकर प्रकार दाखवला. तापलेला वायू, राख आणि दगड यांचा लोट उतारावरून खाली आला. लाव्हापुढे माणूस चालत निघून जाऊ शकतो. या लोटापुढे धावून उपयोग नाही. त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वरही जातो आणि आत शेकडो अंश उष्णता असते. मग १६ ऑगस्टची रात्र आली, आणि १९९९ पासूनचा सर्वांत मोठा उद्रेक झाला. पश्चिमेच्या बहुतेक ओहोळांतून असे लोट उतरले. घरं, रस्ते, शेतं गाडली गेली. पण जागल्यांच्या संचांवरून निरोप फिरले होते आणि हजारो माणसं आधीच उतारावरून निघाली होती. एवढ्या मोठ्या उद्रेकात मृतांचा आकडा दहाच्या आत राहिला. ही माणसं गेली ती मुख्यतः पालिताहुआ या वस्तीतली. एक जीव गेला तरी तो त्या घराचा सगळा संसार असतो, हे आम्ही विसरत नाही. पण आर्मेरोची रात्र आठवली की फरक कळतो.

इथं गोष्ट संपवली तर ती गोड होईल, पण अर्धी राहील. उद्रेकानंतरचं दुःख बायकांच्या वाट्याला जास्त आलं. राख गवतावर बसते. ती गायींनी खाल्ली की त्यांचे दात झिजतात, पोटं बिघडतात, दूध आटतं. मक्याच्या आणि कांद्याच्या पातीवर राखेचा थर बसला की पीक जातं. घर झाडून झाडून हात दुखतात आणि पोरांना खोकला लागतो. ज्यांची गावं फार धोक्याची ठरली, त्यांना पेनिपे या गावाजवळ पक्की घरं बांधून दिली. घर मिळालं, पण जमीन नाही. गोठा नाही, गिनीपिगांना जागा नाही. त्यामुळे बायका-पुरुष पहाटे उठून पुन्हा त्याच डोंगरावर जुन्या शेतात कामाला जायचे आणि संध्याकाळी खाली यायचे. सरकारच्या कागदावर ते सुरक्षित होते, पण दिवसभर धोक्यातच होते. अशा वेळी जागल्याच्या हातातला संच आणखी महत्त्वाचा ठरला, कारण निदान शेतात काम करताना कुणीतरी नजर ठेवून आहे हा भरवसा होता.

पुसुका नावाच्या दुसऱ्या एका वसाहतीत घरांबरोबर थोडी जमीनही दिली गेली. तिथं लोकांनी ‘मिंगा’ करून पाणी आणलं, रस्ते केले. मिंगा म्हणजे सगळ्यांनी मिळून, मजुरी न घेता एकमेकांचं काम उरकायचं. आपली इर्जिकच म्हणा ना. नाव वेगळं, रीत एकच.

पुढे २०१६ पर्यंत डोंगर अधूनमधून जागा होत राहिला आणि नंतर निवला. सतरा वर्षं तो खदखदला, आणि बान्योस आजही नांदतं गाव आहे. मामा तुंगुराहुआ पुन्हा कधीतरी जागी होणार, हे तिथली माणसं धरूनच चालतात.

आता तुम्ही विचाराल, आपल्याकडे कुठे ज्वालामुखी आहे? आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थरसुद्धा लाव्हाचाच आहे, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेला. तो कधीचाच थंड झाला. आपल्याकडे डोंगर पेटत नाही, पण डोंगर खाली येतो. ३० जुलै २०१४ ची सकाळ आठवा. आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एसटीच्या ड्रायव्हरच्या. २०२१ च्या जुलैत महाडजवळचं तळीये, २०२३ च्या जुलैत खालापूरची इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी पावसाळा, डोंगर आणि पायथ्याची वस्ती.

दरड यायच्या आधी डोंगर कधी कधी खुणा देतो. उतारावर भेगा पडतात, झाडं आणि विजेचे खांब कलतात, झऱ्याचं स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होतं किंवा नवीनच जागी पाणी फुटतं, घराची दारं लागेनाशी होतात. या खुणा आधी कुणाला दिसतात? जी पाण्याला जाते, सरपणाला जाते, गुरांमागे जाते, तिला. तालुक्याच्या कचेरीत बसलेल्याला त्या दिसणार नाहीत. पण तिला दिसलं तर ती सांगणार कुणाला, आणि तिचं ऐकणार कोण? सोडलेल्या गोठ्याचं काय, हे ठरलेलं नसेल तर ती निघणार तरी कशी? तुंगुराहुआच्या लोकांनी हे प्रश्न सोडवले ते एका दिवसात नाही. आधी एक चूक केली, भांडण झालं, मग एकत्र बसले आणि नंतर रोज रात्री आठला एकमेकांना हाक मारत राहिले.

म्हणून आमची एक विनंती. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. आपल्या गावाच्या वर कोणता उतार आहे, कोणता ओढा आहे, त्याच्याकडे रोज कोण जातं, हे बोला. पावसाच्या चार महिन्यांत कुणी कुणाला हाक मारायची, रात्री-अपरात्री कुठल्या उंच आणि पक्क्या जागी जमायचं, म्हाताऱ्यांना कोण धरणार, गुरं कोण सोडणार, ते ठरवा. मग ते ग्रामपंचायतीला आणि तलाठ्याला कळवा. आणि शांत दिवसांतही ती हाक चालू ठेवा. ‘आज सगळं ठीक आहे’ एवढं सांगायला फार वेळ लागत नाही.

आठ वाजून गेले. भाकऱ्या झाल्या असतील. जेवून घ्या, आणि झोपायच्या आधी शेजारणीला एक हाक मारा. रामराम.